वारसा आणि मूल्यमापन : अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील प्रशिक्षकांच्या उत्तराधिकाराचा इतिहास

प्रास्ताविक

१९७५ ते १९७७ या दोन हंगामांत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील, यूसीएलए या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, संघाने जीन बार्टो यांच्या मार्गदर्शनाखाली ५२ सामने जिंकले आणि ९ गमावले. पहिल्याच वर्षी हा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चार संघांत पोहोचला. अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांनी अशा प्रशिक्षकाचा करार तत्काळ वाढवला असता. बार्टो मात्र वृत्तपत्रे, रेडिओवरील श्रोते आणि माजी विद्यार्थी यांच्या अखंड टीकेला कंटाळून दोन वर्षांतच लॉस एंजेलिस सोडून गेले. त्यांचे पूर्वसूरी जॉन वूडन यांनी याच विद्यापीठात आपल्या पहिल्या दोन हंगामांत ४६ सामने जिंकले होते आणि १४ गमावले होते. त्या वेळी वूडन यांच्याविषयी सर्वत्र कौतुकाचेच उद्गार निघत होते.

आकडे बार्टो यांच्या बाजूचे आहेत, कौतुक मात्र वूडन यांच्या वाट्याला आले. या विसंगतीचे साधे स्पष्टीकरण असे की, वूडन यांना १९४८ मध्ये जे मिळाले आणि बार्टो यांना १९७५ मध्ये जे मिळाले, त्यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. हे स्पष्टीकरण बरोबर आहे, परंतु अपुरे आहे. ‘वारसा’ म्हणजे नेमके काय, तो मोजावयाचा कसा आणि त्यातील कोणता भाग दृष्टीआड राहतो, हे प्रश्न त्यातून सुटत नाहीत. प्रस्तुत निबंधात काही निवडक विद्यापीठांच्या इतिहासाच्या आधारे या प्रश्नांचा विचार केला आहे.

‘प्रोग्राम’ ही संकल्पना

भारतीय महाविद्यालयांत शारीरिक शिक्षण संचालक हा उपलब्ध विद्यार्थ्यांतून संघ निवडतो. प्रवेश कोणास द्यावयाचा हे तो ठरवीत नाही. अमेरिकेतील स्थिती नेमकी उलट आहे. तेथील प्रशिक्षक माध्यमिक शाळांतील खेळाडू हेरतो, त्यांच्या घरी जातो, पालकांची मनधरणी करतो आणि शिष्यवृत्ती देऊन त्यांना विद्यापीठात आणतो. साहजिकच एका प्रशिक्षकाने निवडलेले खेळाडू त्याच्या निवृत्तीनंतरही दोन-तीन वर्षे संघात राहतात. संघ, सहायक प्रशिक्षक, क्रीडागृह, देणगीदार, माजी विद्यार्थ्यांचे जाळे, शाळांतील प्रशिक्षकांशी असलेले संबंध आणि नाव या सर्वांना मिळून तेथे ‘प्रोग्राम’ असे म्हणतात. मराठीत यास अचूक प्रतिशब्द नाही. ‘घराणे’ हा संगीतातील शब्द कदाचित सर्वांत जवळचा ठरेल, कारण त्यात परंपरा आणि शिस्त या दोहोंचा अंतर्भाव आहे. घराण्यात मात्र उत्तराधिकारी बहुधा आतून येतो, प्रोग्राममध्ये तो अनेकदा बाहेरून नेमला जातो.

या खेळाचा जनक जेम्स नेस्मिथ हा या संदर्भात लक्षणीय आहे. १८९१ मध्ये स्प्रिंगफील्ड येथे त्याने हा खेळ तयार केला आणि १८९८ ते १९०७ या काळात कॅन्सस विद्यापीठाच्या संघाचे मार्गदर्शन केले. त्या काळात संघाने ५५ सामने जिंकले व ६० गमावले. कॅन्ससच्या इतिहासात विजयांपेक्षा पराभव अधिक असलेला तो एकमेव प्रशिक्षक होय. ज्याने खेळच निर्माण केला त्याला वारसा कुठून मिळणार? त्याच्यानंतर आलेल्या फॉग ॲलन यांच्या हाताखाली ॲडॉल्फ रप आणि डीन स्मिथ हे दोघेही खेळले आणि पुढे अनुक्रमे केंटकी व नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांचे आधारस्तंभ झाले. नेस्मिथच्या पराभवांची संख्या सांगताना ही परंपरा सहसा सांगितली जात नाही.

यूसीएलए, १९४८ : रिकाम्या हातांची दंतकथा

वूडन आले तेव्हा यूसीएलएचा संघ नुकताच १२ विजय व १३ पराभव असा हंगाम संपवून बसला होता. सराव एका जुन्या व्यायामशाळेच्या तिसऱ्या मजल्यावर होत असे. तेथेच एका बाजूस जिम्नॅस्टिक्सचे व दुसऱ्या बाजूस कुस्तीचे विद्यार्थी सराव करीत. सरावापूर्वी प्रशिक्षक स्वतः जमीन पुसून घेत असत. पुढे पन्नाशीच्या दशकात अग्निशमन अधिकाऱ्यांनी तेथील प्रेक्षकसंख्येवर बंधन घातले, त्यामुळे संघाला आपले घरचे सामने इतरत्र खेळावे लागले. पॉली पॅव्हिलियन हे स्वतंत्र क्रीडागृह १९६५ मध्ये उभे राहिले, म्हणजे वूडन यांनी पहिली दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवल्यानंतर. पहिल्या हंगामात त्यांचा संघ विभागात शेवटचा राहील असे भाकीत होते. प्रत्यक्षात त्याने २२ सामने जिंकून विभागीय विजेतेपद पटकावले.

मात्र पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळण्यासाठी सोळावा हंगाम उजाडावा लागला. १९५९-६० मध्ये तर संघाची कामगिरी १४ विजय व १२ पराभव एवढीच होती. आजच्या काळात एवढा धीर कोणत्याही विद्यापीठाने धरला नसता. १९६४ च्या अपराजित संघाच्या पहिल्या पाच खेळाडूंत सहा फूट पाच इंचांपेक्षा उंच कोणीही नव्हता. संपूर्ण मैदानभर दबाव टाकण्याची जी पद्धत त्या संघाने वापरली, तिच्यामागे सहायक प्रशिक्षक जेरी नॉर्मन यांचा आग्रह होता. पुढील बारा वर्षांत दहा विजेतेपदे, त्यांत १९६७ ते १९७३ अशी सलग सात, आणि सलग ८८ सामन्यांतील विजय, हा इतिहास सर्वपरिचित आहे.

यावरून ‘वूडन यांनी शून्यातून साम्राज्य उभारले’ असे म्हणण्याचा प्रघात पडला. हे विधान तपासून पाहिले असता टिकत नाही. क्रीडागृह नव्हते, विजेतेपदे नव्हती, हे खरे. परंतु एक गोष्ट होती आणि ती देशातील फार थोड्या विद्यापीठांजवळ होती. राल्फ बंच विसाच्या दशकात यूसीएलएसाठी बास्केटबॉल खेळले होते. जॅकी रॉबिन्सन, जे पुढे व्यावसायिक बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत ओलांडणारे म्हणून प्रसिद्ध झाले, १९३९ ते १९४१ या काळात येथे बास्केटबॉल खेळले. डॉन बार्क्सडेल १९४७ मध्ये अखिल अमेरिकी संघात निवडला गेला, हा मान मिळवणाऱ्या सुरुवातीच्या कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटूंपैकी तो एक. म्हणजे वूडन येण्यापूर्वीच या विद्यापीठाचे दार उघडे होते. न्यूयॉर्कमधील ल्यू अल्सिंडॉर, म्हणजेच नंतरचा करीम अब्दुल-जब्बार, विद्यापीठ निवडीत असताना त्याला बंच आणि रॉबिन्सन या दोघांनीही पत्रे लिहिली होती. बंच त्या वेळी संयुक्त राष्ट्रसंघात उच्च पदावर होते आणि त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळालेले होते. अशी शिफारसपत्रे कोणताही प्रशिक्षक स्वतः निर्माण करू शकत नाही.

याच्या विरुद्ध चित्र केंटकीत दिसते. रप यांनी १९३० ते १९७२ या काळात ८७६ सामने जिंकले आणि चार राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. परंतु त्यांच्या मुख्य संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, टॉम पेन, आला तो १९७०-७१ च्या हंगामात, आणि एकाच हंगामानंतर तो गेलाही. १९६६ च्या अंतिम सामन्यात टेक्सास वेस्टर्नच्या पाच कृष्णवर्णीय खेळाडूंनी सुरुवात केलेल्या संघाने केंटकीच्या पूर्णतः श्वेतवर्णीय संघाला ७२-६५ असे हरवले, हे तर या खेळाच्या सामाजिक इतिहासातील वळण मानले जाते. रप यांचे उत्तराधिकारी जो बी. हॉल यांच्याविषयी ‘तयार राज्य मिळाले’ असे सर्रास म्हटले गेले. त्यांना ८७६ विजयांबरोबर हा बंद दरवाजाही मिळाला होता, याची नोंद टीकाकारांनी क्वचितच घेतली. हॉल यांच्या १९७८ च्या विजेत्या संघाने अंतिम सामन्यात ड्यूकला ९४-८८ असे पराभूत केले. त्या सामन्यात ४१ गुण नोंदवणारा जॅक गिव्हन्स हा विद्यापीठाच्याच लेक्सिंग्टन शहरातील कृष्णवर्णीय तरुण होता. दहा वर्षांपूर्वी त्याला त्या संघात जागा मिळाली असती की काय, हा प्रश्न विचारल्यावर हॉल यांच्या विजेतेपदाचे वजन वेगळे भासते.

यूसीएलए, १९७५ : भरलेल्या घराचे ओझे

बार्टो नवखे नव्हते. १९७३ मध्ये मेम्फिस स्टेट संघाला त्यांनी अंतिम सामन्यापर्यंत नेले होते. तेथे यूसीएलएच्या बिल वॉल्टनने २२ पैकी २१ फेक यशस्वी करून ४४ गुण मिळवले आणि बार्टो यांचा संघ हरला. पुढे त्यांना वूडन यांच्याच खुर्चीवर बसावे लागले. मार्क्स जॉन्सन आणि रिचर्ड वॉशिंग्टन हे १९७५ च्या विजेत्या संघातील दोन उत्कृष्ट खेळाडू त्यांना मिळाले. या दृष्टीने वारसा श्रीमंत होता.

पहिलाच सामना इंडियाना विद्यापीठाशी झाला आणि तो ८४-६४ असा गमावला. मार्च १९७६ मध्ये उपांत्य फेरीत पुन्हा इंडियानाशीच गाठ पडली आणि ६५-५१ असा पराभव झाला. बॉबी नाइट यांचा तो इंडियाना संघ त्या हंगामात ३२ सामने खेळला आणि एकही हरला नाही. त्यानंतर आजपर्यंत पुरुषांच्या महाविद्यालयीन स्पर्धेत कोणताही विजेता संघ अपराजित राहिलेला नाही. अशा संघाकडून झालेला पराभव हा प्रशिक्षकाचा दोष कसा मानावयाचा? पुढील वर्षी आयडाहो स्टेटकडून एका गुणाने झालेला ७६-७५ हा पराभव मात्र अनपेक्षित होता आणि त्याबद्दल टीका होणे स्वाभाविक म्हणता येईल.

येथे एक संस्थात्मक बदल विचारात घ्यावा लागतो. तो प्रशिक्षकांच्या तुलनेत बहुधा वगळला जातो. १९७४ पर्यंत राष्ट्रीय स्पर्धेत प्रत्येक विभागीय संघटनेचा एकच संघ पाठवला जाई. १९७४ मध्ये मेरीलँडचा बलाढ्य संघ विभागीय अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायना स्टेटकडून जादा वेळेत १०३-१०० असा हरला आणि राष्ट्रीय स्पर्धेला मुकला. त्यानंतर १९७५ पासून स्पर्धा ३२ संघांची झाली व एका संघटनेतील एकाहून अधिक संघांना प्रवेश मिळू लागला. १९८५ मध्ये ही संख्या ६४ झाली. १९६४ मध्ये विजेतेपदासाठी वूडन यांना चार सामने जिंकावे लागले. १९८५ नंतरच्या प्रशिक्षकाला सहा जिंकावे लागतात. शिवाय १९७२ पासून प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात खेळण्याची मुभा मिळाली. त्यामुळे चांगला खेळाडू एखाद्या दुबळ्या विद्यापीठातही लगेच चमकू लागला आणि मोठ्या विद्यापीठांत वर्षभर थांबण्याचे त्याला कारण उरले नाही. बार्टो यांना वूडन यांचा संघ मिळाला, वूडन यांची स्पर्धा मिळाली नाही.

नंतरच्या उत्तराधिकाऱ्यांची कथा थोडक्यात सांगता येते. गॅरी कनिंगहॅम यांनी दोन हंगामांत ५० सामने जिंकले, ८ गमावले आणि स्वेच्छेने पद सोडले. म्हणजे वूडन यांच्यानंतरच्या चार वर्षांत संघाने १०२ सामने जिंकले होते, आणि तरीही त्या काळास ‘उतरता काळ’ म्हणण्याची पद्धत पडली. लॅरी ब्राऊन यांनी १९८० मध्ये अंतिम सामना गाठला. तेथे लुईव्हिलने ५९-५४ असा विजय मिळवला. लुईव्हिलचे प्रशिक्षक डेनी क्रम हे वूडन यांचेच शिष्य व माजी सहायक होते, हा योगायोग लक्षणीय. विजेतेपद परत आले ते वीस वर्षांनी, १९९५ मध्ये, जिम हॅरिक यांच्या काळात. पुढच्याच वर्षी खर्चाच्या हिशेबातील असत्य नोंदीमुळे हॅरिक यांना पदावरून दूर करण्यात आले.

वारशाची दुसरी बाजू

लॉस एंजेलिसमधील बांधकाम व्यावसायिक सॅम गिल्बर्ट यांचे यूसीएलएच्या खेळाडूंशी असलेले संबंध वूडन यांच्या काळापासूनचे होते. डिसेंबर १९८१ मध्ये राष्ट्रीय संघटनेने, म्हणजे एनसीएएने, यूसीएलएवर निर्बंध घातले, १९८० च्या स्पर्धेतील स्थान रद्द केले आणि विद्यापीठाने गिल्बर्ट यांच्याशी संबंध तोडावेत असे सांगितले. लॉस एंजेलिस टाइम्सने या विषयावर सविस्तर वृत्तमालिका प्रसिद्ध केली. वूडन यांच्या कोणत्याही विजेतेपदाला बाधा आली नाही, त्यांच्यावर वैयक्तिक ठपकाही ठेवला गेला नाही. बार्टो यांनी १९९१ मध्ये संघटनेच्या एका अधिकाऱ्याला लिहिलेले खाजगी पत्र १९९३ मध्ये उजेडात आले. आपल्या काळात यूसीएलएची चौकशी न केल्याबद्दल त्यांनी त्यात आभार मानले होते, आणि चौकशी झाली असती तर गिल्बर्ट यांच्यामुळे आपल्या सुरक्षिततेला धोका निर्माण झाला असता, अशी भीती व्यक्त केली होती. पत्रातील विधानांची सत्यता हा स्वतंत्र प्रश्न आहे. तथापि बार्टो यांना मिळालेल्या वारशात केवळ दहा करंडक नव्हते, हे त्यावरून स्पष्ट होते.

या निर्बंधांचा भार कोणी वाहिला, हेही पाहण्यासारखे आहे. ब्राऊन १९८१ मध्ये व्यावसायिक संघाकडे निघून गेले. त्यांच्या जागी लॅरी फार्मर आले. ते यूसीएलएचे पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. खेळाडू म्हणून वूडन यांच्या हाताखाली त्यांनी ८९ सामने जिंकले होते आणि केवळ एक गमावला होता. प्रशिक्षक म्हणून पहिल्याच वर्षी त्यांना राष्ट्रीय स्पर्धेबाहेर बसावे लागले, आणि तेही दुसऱ्यांच्या कृत्यांसाठी. तीन हंगामांत ६१ विजय आणि २३ पराभव ही त्यांची कामगिरी. ब्राऊन यांच्याबाबत पुढे असेच कॅन्ससमध्ये घडले. १९८८ मध्ये त्यांनी विजेतेपद मिळवले, ते निघून गेले, आणि निर्बंधांमुळे विजेतेपद राखण्यासाठी खेळण्याचीही संधी नसलेला संघ रॉय विल्यम्स या तरुण प्रशिक्षकाच्या हाती आला.

नॉर्थ कॅरोलायना : दोन वेळा आठ विजय

१९६१ मध्ये फ्रँक मॅग्वायर यांनी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ सोडले. १९५७ मध्ये त्यांच्या अपराजित संघाने विल्ट चेंबरलेनच्या कॅन्ससला तिहेरी जादा वेळेत ५४-५३ असे हरवले होते. मागे राहिले ते एनसीएएचे निर्बंध आणि सामना-निश्चितीचे लांच्छन. विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम फ्रायडे यांनी लोकप्रिय डिक्सी क्लासिक स्पर्धा बंद केली, सामन्यांची संख्या घटवली आणि बाहेरील प्रदेशांतून खेळाडू आणण्यावर मर्यादा घातली. कुलगुरू विल्यम एकॉक यांनी तीस वर्षांच्या सहायकाला, डीन स्मिथ यांना, नेमले. विद्यापीठाची प्रतिष्ठा सांभाळणे आणि नियम पाळणे, ही त्यांची अपेक्षा होती. पहिल्या हंगामात १७ सामने झाले, त्यांपैकी ८ जिंकले. जानेवारी १९६५ मध्ये वेक फॉरेस्टकडून हरून परतलेल्या संघाला विद्यापीठाच्या आवारात आपल्या प्रशिक्षकाचा पुतळा फासावर लटकवलेला दिसला. स्मिथ टिकले ते प्रशासनाला वारशाची जाणीव होती म्हणूनच. १९९७ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर ८७९ विजय आणि १९८२ व १९९३ ची विजेतेपदे होती.

तीस वर्षे सहायक राहिलेल्या बिल गथ्रिज यांनी पुढील तीन हंगामांत दोनदा अंतिम चार संघांत स्थान मिळवले. ‘संघ तर स्मिथ यांचाच’ एवढ्या एका वाक्यात त्यांचा निकाल लावला गेला. २००० मध्ये रॉय विल्यम्स यांनी नकार दिल्यावर मॅट डोहर्टी आले. १९८२ च्या विजेत्या संघातील हा खेळाडू. पहिल्या वर्षी २६ विजय मिळाले आणि वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षकाचा सन्मानही. त्यानंतर ब्रेंडन हेवुड पदवीधर होऊन गेला, जोसेफ फोर्टे व्यावसायिक बास्केटबॉलकडे वळला, ज्यूलियस पेपर्स आणि रोनाल्ड करी फुटबॉलकडे. २००१-०२ च्या हंगामात ८ विजय आणि २० पराभव झाले. सलग २७ वर्षे राष्ट्रीय स्पर्धेत खेळण्याची परंपरा खंडित झाली. एप्रिल २००३ मध्ये डोहर्टी यांना राजीनामा द्यावा लागला.

स्मिथ यांचे पहिल्या वर्षाचे आठ विजय आणि डोहर्टी यांच्या दुसऱ्या वर्षाचे आठ विजय यांची बरोबरी करणे योग्य नव्हे. डोहर्टी यांनी जुने सहायक दूर करून स्वतःचे माणूसबळ आणले आणि खेळाडूंशी त्यांचे संबंध बिघडले. हा दोष वारशाचा नाही, त्यांचा स्वतःचा आहे. परंतु १ एप्रिलला संपलेल्या त्या पर्वाचा ताळेबंद केवळ तेथे थांबवता येत नाही. रॉय विल्यम्स यांनी २००५ मध्ये इलिनॉयला ७५-७० असे हरवून विजेतेपद मिळवले, तेव्हा सुरुवातीच्या पाचही जागांवर रेमंड फेल्टन, रशाद मॅकँट्स, शॉन मे, जवाद विल्यम्स आणि जॅकी मॅन्युएल हे डोहर्टी यांनी आणलेले खेळाडू होते. गथ्रिज यांचे यश स्मिथ यांच्या नावे लिहावयाचे असेल, तर २००५ च्या विजेतेपदाचा काही हिस्सा डोहर्टी यांच्या नावे लिहावा लागेल. हिशेबाचा एकच नियम दोन्हीकडे लावला पाहिजे. प्रत्यक्षात लोकमत तसे करीत नाही. प्रसिद्ध पूर्वसूरींचे ऋण ते आवर्जून मोजते, पदच्युत पूर्वसूरींचे विसरते. केंटकीत टबी स्मिथ यांना याचाच अनुभव आला. १९९८ चे त्यांचे विजेतेपद रिक पिटिनो यांच्या खात्यावर मांडले गेले. पिटिनो यांनी १९८९ मध्ये निर्बंधांनी खिळखिळा झालेला संघ स्वीकारून १९९६ मध्ये विजेतेपद मिळवले होते, त्यामुळे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र त्याच संघाकडून इतरांनी ते मिळवलेच असते, असे गृहीत धरणे म्हणजे बार्टो यांचा अनुभव विसरणे होय.

२०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाचा व प्रतिमेचा मोबदला घेण्याची मुभा मिळाली आणि विद्यापीठ बदलल्यावर वर्षभर बाहेर बसण्याची सक्तीही शिथिल झाली. प्रशिक्षक बदलताच अख्खा संघ पांगू शकतो. त्यामुळे खेळाडूंच्या रूपातील वारसा आता बराच क्षीण झाला आहे. देणगीदार, इमारती आणि अपेक्षा मात्र जागच्या जागी आहेत.

बार्टो १९७७ मध्ये अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम येथील संस्थेत गेले. तेथे संघच नव्हता, तो त्यांनी उभा केला. पहिला हंगाम १९७८-७९ चा. १९८१ ते १९८७ अशी सलग सात वर्षे तो संघ राष्ट्रीय स्पर्धेत खेळला. १९८२ मध्ये राल्फ सॅम्पसनच्या व्हर्जिनियाला हरवून तो अंतिम आठ संघांत पोहोचला. १९९६ मध्ये बार्टो निवृत्त झाले आणि पुढच्या वर्षी तेथील क्रीडागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. त्यांच्या जागी त्यांचा मुलगा मरी बार्टो याची नेमणूक झाली होती. २००२ पर्यंत तो त्या पदावर होता, आणि संघाचे घरचे सामने वडिलांच्या नावाच्या त्या क्रीडागृहात होत असत.